अर्धं बोट बाहेर राहिलेला खण

मित्रांनो, माझ्या खणात एक पत्र सात आठवडे पडून होतं. ज्याच्या नावाने ते आलं होतं त्याने त्याला उत्तर दिलं नाही, आणि मीही ते पोटात ठेवून गप्प राहिलो. लाकडाने बोलायचं नसतं, हे मला समजतं. तरी आपण निदान करकरायला हवं होतं, असं अजून मनात येतं.

मी एक जुनं टेबल आहे. आठ फूट लांब, चार फूट रुंद, सहा पायांचं. गोष्ट सांगायचा मला सराव नाही. जमेल तशी सांगतो, कुठे घसरलो तर सांभाळून घ्या.

मला घडवलं ते एका वाचनालयासाठी. माझा सुतार मितभाषी माणूस होता. महिनाभरात तो माझ्याशी एकच वाक्य बोलला असेल. शेवटच्या दिवशी त्याने दोन्ही हातांनी मला गदागदा हलवून पाहिलं आणि तो म्हणाला, "टेबल डुगडुगलं की वाचणाऱ्याचं मन डुगडुगतं." तेव्हापासून न डुगडुगणं हेच मी माझं काम समजलो. दुसरं काही मला नीट येतं, असं मला कधी वाटलं नाही.

वाचनालयातली वर्षं सुखाची गेली. माझ्यावर शेकडो कोपरं टेकली, शाई सांडली, डुलक्या घेणाऱ्यांची कपाळं विसावली. पुस्तकं माझ्यावर उघडत, पण माझ्या बाजूला यायची ती त्यांची पाठ. अक्षर असं मला दिसलंच नाही. जे काही शिकलो ते वाचणाऱ्यांच्या पुटपुटण्यातून. त्यामुळे माझं सगळं शिक्षण ऐकीव आहे आणि त्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

मग तिथे लोखंडी टेबलं आली आणि मला मागच्या कोठारात ढकललं. चार वर्षं मी मोडक्या पंख्यांच्या आणि कबुतरांच्या सोबतीने काढली. एके दिवशी एक सडपातळ माणूस आला, गुडघे टेकून त्याने माझे सहाही पाय पाहिले, माझ्या कडेवरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "याच्यावर कापड सरकणार नाही."

तो शिंपी होता. त्याने माझ्यावर घोंगडी ताणून बसवली आणि मला दुकानाच्या खिडकीशी ठेवलं. पुढे दुकान, मागे घर. खिडकीतून समोरचा रस्ता दिसे आणि रस्त्यापलीकडची टपालपेटी. खरं सांगतो, पहिले काही महिने मला फार वाईट वाटलं. कुठे ते ग्रंथ आणि कुठे हे पायजमे! पण शिंपी कापडावर कात्री चालवण्याआधी जितका विचार करायचा, तितका विचार करून बोलणारे विद्वानही मी कमीच पाहिले होते.

शिंप्याची बायको पाणी तपासणीच्या केंद्रात कामाला होती. नदीचं पाणी रोज बाटलीत भरून आणायचं, त्यात काय काय मिसळलं आहे ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. अकरा वर्षांत तिने एक दिवस चुकवला नव्हता. तिच्या नजरेतून टाचणीसुद्धा सुटत नसे, म्हणून शिंपी तिला बारकाई म्हणे. दुकानात आल्या आल्या तिने माझ्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला, वाकून पाण्याची कड पाहिली आणि म्हणाली, "हे टेबल कुठल्याच बाजूला कलत नाही." इतकं नेमकं कौतुक माझं वाचनालयातही झालं नव्हतं.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी तिच्याशी पुष्कळ वेळ बोलून सांगितलं की हिच्या स्वभावाला अ‍ॅस्पर्जर म्हणतात. हा काही ताप-खोकला नव्हे, मेंदूची वीणच वेगळी. शिंप्याची थोरली बहीण दुकानात काज-बटणं करायची. तिला सगळे आक्का म्हणत.

"म्हणजे नक्की काय रे?" तिने विचारलं.

"म्हणजे असं बघ आक्का, ती जे बोलते तेच तिच्या मनात असतं. आणि आपण जे बोलतो तेच आपल्या मनात आहे, असं ती धरून चालते."

आक्काने दोरा दातांनी तोडला. "मग तुझं कठीण आहे," ती म्हणाली.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. बारकाई पाणी मोजायची, पण अहवालावर सही करायला पदवी लागे. सही दुसराच करायचा. एकदा त्याने तिचा एक आकडा गुपचूप बदलला. नदीला काही झालेलंच नाही, असा अहवाल वर गेला. त्या संध्याकाळी बारकाई दारातूनच म्हणाली, "मी पदवी घेणार. सही मी करणार."

टपालाने शिकवणाऱ्या एका कॉलेजात तिने नाव घातलं. गणितात तिला पैकीच्या पैकी. पण निबंधाच्या विषयात ती दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा झाली तर नाव कायमचं कमी होणार होतं.

निबंधाचा प्रश्न होता: तुमच्या नदीच्या प्रकृतीविषयी हजार शब्दांत चर्चा करा आणि शेवटी आपले मत द्या. ती माझ्याशी दोन तास कोरा कागद घेऊन बसली. दोघंही लिहिता-वाचताना पुटपुटत, म्हणून अक्षर न दिसताही मला सगळं कळे.

"चर्चा कोणाशी करायची, ते दिलेलं नाही," ती म्हणाली.

"अगं, चर्चा म्हणजे सगळ्या बाजू मांडायच्या," शिंपी म्हणाला.

हे त्याने म्हणायला नको होतं. पुढच्या तीन आठवड्यांत तिने त्रेचाळीस पानं लिहिली. आक्काने गठ्ठा हातात तोलून पाहिला.

"नमनालाच घडाभर तेल गेलंय बाई!"

"तेलाचा तवंग एकोणिसाव्या पानावर आहे," बारकाई म्हणाली.

शिंप्याने ती सगळी पानं माझ्यावर पसरली, कापड पसरतात तशी. "गिऱ्हाईक हजार शब्दांचं आहे गं, आणि कापड त्रेचाळीस पानांचं. बेतावं लागेल."

"यातलं एकही वाक्य खोटं नाही."

"खोटं कोण म्हणतंय?"

"मग टाकायचं का?" तिने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले. "खरं आहे ते टाकायचं का?"

तिच्या पाठीवरून हात फिरवला तर तिला आणखी त्रास होतो, हे शिंप्याला ठाऊक होतं. तो माझ्या डाव्या पायाशी वाकला. तिथे खिळ्याला कातरणांची पिशवी टांगलेली असते. त्याने ती माझ्यावर उपडी केली. निळे, करडे, चौकटीचे तुकडे.

"हे बघ. मी कधी कातरण टाकलंय? कुणाचा खिसा होतो, कुणाचं ठिगळ. आज लागत नाही, एवढंच. तुझ्या वाक्यांचीही पिशवी करू."

तिने कानांवरचे हात काढले. "क्रमांक घालायचे," ती म्हणाली.

"घाल."

मित्रांनो, तेव्हापासून रोज संध्याकाळी सहा ते सात शिवणयंत्र बंद, रेडिओ बंद. शिंपी माझ्यावर खडूने उभी रेघ ओढायचा. डावीकडे आज लागणारी वाक्यं, उजवीकडे पिशवीत जाणारी. एका वेळी तो एकच प्रश्न विचारायचा. हे वाचणाऱ्याला आधी काय कळायला हवं? याच्या शेजारी कोणतं बसतं? जुळलेले तुकडे टाचणीने जोडायचे, पक्की शिवण शेवटी. एखाद्या दिवशी तासाभरात तीनच वाक्यं ठरत. सातला ती म्हणे, "आजचं संपलं," आणि ते संपायचं. तिने एकही संध्याकाळ चुकवली नाही. नदीसारखंच हेही तिने रोजच्या मोजणीत धरलं होतं.

हजार शब्दांतले नऊशे झाले. राहिलं ते मत.

"माझं मत मोजता येत नाही," ती म्हणाली. नऊ दिवस तिथेच गाडं रुतलं. निबंध टाकायची तारीख दुसऱ्या दिवसावर आली, तेव्हा शिंप्याचा धीर सुटला.

"दे इकडे," तो म्हणाला, आणि त्याने सरळ अकरा वाक्यं लिहून काढली. नदी आपली माता आहे, तिच्या डोळ्यांतले अश्रू कोण पुसणार, असं काही. त्याला ती फार आवडली. खरं म्हणजे मलाही आवडली. वाचनालयात अशी वाक्यं मी पुष्कळ ऐकली होती. बारकाईने ती उतरवून घेतली, कारण त्याने सांगितलं होतं. पण खाली तिने स्वतःहून दोन ओळी लिहिल्या: "शेवटची अकरा वाक्यं माझ्या नवऱ्याची आहेत. नदीला डोळे नसतात."

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, ती कामावर असताना जाड पाकीट आलं. वर शिंप्याचं नाव. माझ्या कडेला टेकून त्याने प्राध्यापकबाईंचं पत्र हळू आवाजात वाचलं:

"अकरा वाक्यं तुमची, असं तुमच्या पत्नीने लिहिलं आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला. इतकं प्रामाणिक टिपण मला वीस वर्षांत कोणी दिलेलं नाही. तरी दुसऱ्याची वाक्यं असलेला निबंध मला स्वीकारता येत नाही. तो परत पाठवते. मला तीन गोष्टी कळवा. ती वाक्यं तुम्ही का लिहिलीत? त्यांना लिहिताना कुठे अडतं? आणि त्यांना काय हवं आहे, हे तुम्ही त्यांनाच विचारलंत का? सत्र संपण्याआधी तुमचं उत्तर आणि त्यांचा स्वतःचा शेवट हाती आला, तर निबंध मी नव्याने तपासेन आणि पुढच्या निबंधांसाठी त्यांना वाढीव मुदत मागेन."

शिंप्याने पत्राची घडी घातली. त्याची शाळा नववीत सुटली होती. कॉलेजातल्या बाईंना पत्र लिहायचं, तेही आपली चूक कबूल करायला! "उद्या लिहितो," तो पुटपुटला आणि पत्र नि निबंध त्याने माझ्या खणात सारले.

संध्याकाळी बारकाईने विचारलं, "माझा निबंध आला का?"

"नाही अजून," तो म्हणाला.

आणि तिने ते खरं मानलं.

दुसऱ्या दिवशी त्याने "आदरणीय बाई" एवढं लिहिलं आणि कागद चुरगळला. तिसऱ्या दिवशीही तेच. पण आता नुसतं उत्तर लिहून भागणार नव्हतं, आधीचं खोटंही सांगावं लागणार होतं. एक टाका चुकला की पुढची शिवण त्याच्या मागे वाकडीच जाते. दर दोन-तीन दिवसांनी ती विचारायची, तो "नाही अजून" म्हणायचा. मला वाटायचं, आत्ता सांगेल. तो खडूला टोक काढत बसायचा.

सात आठवड्यांनी, एका गुरुवारी, बारकाई दुकानात आली आणि माझ्यासमोर थबकली.

"हा खण कालपर्यंत पूर्ण बंद व्हायचा. आता अर्धं बोट बाहेर राहतो. मागे काहीतरी अडकलंय."

"राहू दे गं, लाकूड फुगलं असेल," शिंपी म्हणाला.

"हवा कोरडी आहे," ती म्हणाली, आणि तिने खण पूर्ण बाहेर ओढला. मागे सरकून दुमडलेलं पाकीट खाली पडलं.

ती उभ्या उभ्या वाचत राहिली. मग तिने आपली लहान वही काढली. "मी सतरा वेळा विचारलं. तू सतरा वेळा नाही म्हणालास. सतराही वेळा हे इथे होतं."

ती कपडे घालून पाहायच्या आडोशात गेली आणि तिने पडदा ओढून घेतला.

आक्काने सुई खाली ठेवली. "सही करणाऱ्याने तिचा आकडा बदलला, तेव्हा तू किती तावातावाने बोलला होतास रे. आठवतं?"

"आठवतं."

"मग तू वेगळं काय केलंस?"

"मला लाज वाटली आक्का. मला पत्र लिहिता येत नाही."

"तिलाही येत नव्हतं. ती रोज बसली. तू काय केलंस? लपवलंस!"

आडोशात पाऊण तास काही हललं नाही. पडद्याखाली तिच्या चपला तेवढ्या दिसत होत्या, एका रेषेत जुळलेल्या. शिंप्याने पडद्याजवळ जाऊन हात लावला नाही. तो हाकेच्या अंतरावर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "माझं चुकलं. मी खोटं बोललो. यापुढे टपाल आलं की ते आधी तुझ्या हातात. एवढंच सांगायचं होतं. तुला हवा तेवढा वेळ घे."

पडदा सरकला. तिचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच.

"मी रागावले आहे. तो राग किती दिवस राहील ते मला सांगता येत नाही. पत्र पोचायला पाच दिवस धरायचे. सत्र पुढच्या गुरुवारी संपतं. म्हणजे परवा, शनिवारी, साडेचारचं टपाल. रागावण्याआधी काम."

"हो," शिंपी म्हणाला.

"आणि बाईंचा तिसरा प्रश्न बरोबर आहे. माझ्याबद्दल आहे आणि मला कुणी विचारलंच नाही. विचार."

"तुला काय हवं आहे?"

"प्रश्न एका वेळी एक. बदल असेल तर आदल्या दिवशी सांगायचा. आणि माझ्या जागी कुणी बोलायचं नाही. मी गप्प असले तरी नाही. मी गप्प असते तेव्हा मी काम करत असते."

हे शेवटचं वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. मीही आयुष्यभर गप्पच राहिलो होतो, पण ते मात्र काम नव्हतं.

शुक्रवारी बारकाई सकाळीच पाणी मोजून आली आणि दुकानाला कुलूप लागलं. आक्का दारात खुर्ची टाकून बसली आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगू लागली, "आज माप घेणं बंद. आत नदीचं माप चाललंय." आत शिंप्याने त्या अकरा वाक्यांवर स्वतःच्या हाताने रेघ मारली. मग माझ्यावर खडूची उभी रेघ ओढली.

"अकरा वर्षं तू रोज का मोजतेस?" त्याने विचारलं आणि तो थांबला.

ती गप्प. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शिंप्याच्या ओठांवर दोनदा शब्द आले. त्याने ते दोन्ही वेळा गिळले. माझ्या कडेवर त्याची बोटं घट्ट रुतली होती. मी मुळीच हललो नाही.

वीस मिनिटांनी ती म्हणाली, "कारण मोजलं नाही तर कुणीही काहीही म्हणू शकतं."

"लिही."

"हे मत आहे?"

"हे मत आहे."

तिने माझ्यावर कागद ओढला आणि लिहिलं. शेवट झाला तो असा: "नदीची प्रकृती बरी नाही. हे मी अकरा वर्षांच्या मोजणीवरून सांगते. मोजलं नाही, तर कुणीही काहीही म्हणू शकतं. म्हणून उद्याही मी मोजणार आहे." तिने शब्द मोजले. मग पुन्हा मोजले आणि पिशवीतलं सव्विसाव्या क्रमांकाचं वाक्य काढून मध्ये जोडलं. "आता हजार," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी पाळी शिंप्याची होती. "आदरणीय बाई" लिहून तो तासभर बसला. तीन वाजले.

"मला जमत नाही गं."

बारकाई समोरच्या बाजूला येऊन बसली. तिने खडू उचलला आणि माझ्यावर सरळ रेघ ओढली.

"आधी माप," ती म्हणाली. "कुणासाठी आहे?"

"बाईंसाठी."

"त्यांनी किती प्रश्न विचारलेत?"

"तीन."

"मग तीन तुकडे. पहिला. ती वाक्यं तू का लिहिलीस?"

शिंपी बराच वेळ बोलला नाही. तीही बोलली नाही. घड्याळाकडे तिने एकदाही पाहिलं नाही, आणि तिच्यासाठी ते किती कठीण होतं हे मला ठाऊक आहे.

"तुझं अडलेलं मला बघवत नव्हतं," तो शेवटी म्हणाला.

"लिही," ती म्हणाली.

पत्र एका पानाचं झालं. ती वाक्यं का लिहिली, ते त्यात होतं. तिला कुठे अडतं, ते तिच्याच शब्दांत होतं. आणि तिसऱ्या प्रश्नाखाली: "विचारलं नव्हतं. आता विचारलं. ती जे म्हणाली ते खाली तिनेच लिहिलं आहे." सात आठवडे पत्र दडवल्याचंही त्याने लिहिलं, बारकाईने न सांगता.

मित्रांनो, माझं मोठेपण काही नाही. मी फक्त डुगडुगलो नाही. पण इतकी वर्षं माणसांच्या कोपरांखाली काढून एक विनंती करावीशी वाटते. तुमच्या घरात, वर्गात कुणी अडलेलं दिसलं तर त्याच्या हातातला कागद ओढून घेऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याला विचारा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. आणि तुमच्या खणात एखादं उत्तर अडकलं असेल, तर खण अर्धं बोट बाहेर राहतोच. कुणी तरी ते पाहतंच.

चार वाजून दहा मिनिटांनी दोघं दार उघडून बाहेर पडली. आक्का ओरडली, "अरे, तिकीट लावलंत का?"

"तीन वेळा तपासलंय," बारकाईने मागे न पाहता सांगितलं.

मी खिडकीतून पाहत होतो. रस्ता ओलांडून ती दोघं टपालपेटीशी थांबली. पाकीट शिंप्याच्या हातात होतं. तो क्षणभर तसाच उभा राहिला. बारकाईने हात पुढे केला नाही, काही म्हटलंही नाही. ती नुसती शेजारी उभी राहिली. मग त्याने पाकीट आत सोडलं.

तिने पेटीला कान लावला.

"पडलं," ती म्हणाली.